बिमारी निघाली, बरं झालं

दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा संपादकांची अपेक्षा होती की मी लॅबमधल्या गमती सांगाव्यात. गमती भरपूर आहेत. उपाशीपोटी या म्हटलं तर पोहे खाऊन येणारे आणि वर 'पोहे म्हणजे काही जेवण होय का जी' असं विचारणारे. तपासणीचा नमुना पेढ्याच्या डब्यात घालून आणणारे, आणि पेढे समजून तो डबा उघडणारा आमच्या काउंटरवरचा अनिल. पण कागद घेऊन बसले की यातलं काही आठवत नाही. मला वैशाली आठवते आणि राग येतो. निवृत्त झाले तरी तो गेला नाही, उलट रिकामा वेळ मिळाल्याने वाढलाच आहे. म्हणून रागानेच लिहिते.

भंडाऱ्याला बसस्टँडजवळच्या एका खासगी लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. माहेर अड्याळचं, डीएमएलटी म्हणजे लॅब तपासणीचा डिप्लोमा केला, लग्न होऊन भंडाऱ्यात आले आणि त्या लॅबमध्ये जी चिकटले ती गेल्या वर्षी सुटले. काम काय, तर शीर शोधायची, रक्त घ्यायचं, नळीवर नाव टाकायचं, नळी गरगर फिरवून वर आलेलं पिवळं पाणी वेगळं काढायचं, ते मशीनला द्यायचं. मशीन आकडा देतं. तो पटण्यासारखा आहे का ते बघायचं, नसला तर पुन्हा लावायचं. रिपोर्टवर सही लॅबच्या डॉक्टरांची. ते स्वतः पॅथॉलॉजिस्ट, कमी बोलणारे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले. माझ्या हातात फुशारकी मारण्यासारखं एकच आहे, माझी सुई कोणाला कळायची नाही. केमोने शिरा जळून गेलेले पेशंट नागपूरहून परतले की म्हणायचे, 'त्याच ताईच्या हातून घेऊ द्या.'

रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस काउंटरवर एकच विचारतो, 'निघालं का काही?' जणू रक्तात काही लपवलेलं असतं आणि आम्ही ते उकरून काढतो. कॅन्सरच्या तपासण्यांच्या बाबतीत तर लोकांना वाटतं, मशीन हो किंवा नाही सांगून मोकळं होईल. तसं नसतं. कॅन्सरच्या काही गाठी रक्तात एखादा पदार्थ सोडतात आणि तो मोजता येतो. त्याला ट्यूमर मार्कर म्हणतात. उपचार सुरू झाल्यावर तो उतरत गेला तर औषध लागू पडतंय, चढत गेला तर डॉक्टर औषध बदलायचा विचार करतात. पण यातले बरेच पदार्थ कॅन्सर नसतानाही वाढतात. पित्ताशयात खडा असला, यकृत सुजलं, बाईची पाळी चालू असली तरी वाढतात. कधी कधी पहिल्या केमोनंतर गाठ विरघळायला लागली की आकडा आधी वर जातो आणि मग खाली येतो. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो. तो कुठून कुठे चाललाय, आणि माणसाची तब्येत काय सांगते, हे जोडून बघणारा डॉक्टर लागतो.

हे न सांगता हल्ली पॅकेजात मार्कर घालून विकतात. साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन आणि वर 'कॅन्सर तपासणी'. आमच्या अड्याळच्या एका निवृत्त गुरुजींनी असं पॅकेज कुठेतरी शिबिरात करून घेतलं. एक आकडा थोडा वर आला. गुरुजींनी डॉक्टरला न विचारता मुलांना बोलावून शेतीच्या वाटण्या केल्या, बायकोला मंगळसूत्राकडे बघून रडताना पाहिलं आणि मग कोणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं, आकडा खाली आला, गुरुजी आजही सायकल चालवतात. मुलांनी वाटण्या मात्र परत केल्या नाहीत. ज्याने ते पॅकेज विकलं त्याला मी शोधत होते, चांगलं ऐकवायचं होतं. सापडला नाही.

गुरुजींचं निभावलं. वैशालीचं सांगते.

धान कापणीचे दिवस होते. लॅबमध्ये गर्दी कमी. एक बाई आपल्या सुनेला दंडाला धरून घेऊन आली. मोहाडीकडच्या एका गावची. सून विशी-बाविशीची, रंग कागदासारखा पांढरा, खोकला आला की पदर तोंडावर धरायची. सासूने काउंटरवर कागद ठेवला नाही, चिठ्ठी ठेवली नाही. सरळ म्हणाली, "इचं रक्त तपासा. कितवा महिना आहे ते पक्कं लिहून द्या."

अनिलने विचारलं, "कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं?"

"कोणं नाही पाठवलं. घरी कार्डावर दोन लाइनी आल्या. माहा पोरगा पुण्याले कंपनीत आहे. उन्हाळ्यात गेला थो पोळ्यालेही नाही आला, दसऱ्यालेही नाही. आता तुमीच सांगा."

बाकावर आणखी दोघं-तिघं बसलेले होते. सगळे वैशालीकडे बघायला लागले. ती फरशीकडे बघत होती.

मी तिला आत घेतलं आणि पडदा ओढला. दंडाला पट्टा बांधला तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मी कोणापाशी गेली नाही. देवाची आन."

"मी ते विचारून नाही राहिली," मी म्हटलं. "तुझा खोकला किती दिवसांचा आहे?"

"लय दिवसाचा. कधी कधी लाल पडते."

"आणि अंगावरून जाते का?"

"जाते. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, पाडाच्या. तवापासून जास्तच जाते."

हा गावातला डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हे. दवाखान्याची पाटी लावून सुया टोचणारा माणूस. सोनोग्राफी नाही, रक्त नाही, सासूने सांगितलं आणि याने गोळ्या काढून दिल्या. मुलगी त्याच्यासमोर रक्तबंबाळ होऊन मेली असती तरी त्याने शटर ओढून घेतलं असतं, बस.

मी विचारलं, "याच्या आधी कधी पोट पडलं होतं का?"

"उन्हाळ्यात. तिसऱ्या महिन्यात. नागपूरले नेलं होतं. पोट्टं नव्हतंच म्हणे. द्राक्षावानी निघालं."

ते ऐकून मी रक्त घेतलं, तिला तिथेच पलंगावर आडवं केलं आणि डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, माझं बोलणं ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवून स्वतः उठून आले. फार क्वचित उठत ते. त्यांनी वैशालीला पुन्हा तेच विचारलं आणि मला म्हणाले, "बीटा एचसीजी लावा. आत्ता लावा."

हे काय आहे ते सोपं करून सांगते. बाळाला पोसणारी वार असते ना, ती एक हार्मोन तयार करते. त्याचं नाव एचसीजी. घरगुती कार्डावर दोन रेघा येतात त्या या हार्मोनमुळे. पण कधी कधी गर्भ धरतो तो धड नसतो. बाळ नसतंच, नुसती वारच वेडीवाकडी वाढते, द्राक्षाच्या घडासारखी. त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. पिशवी साफ केली की बहुतेक बायका बऱ्या होतात. काहींच्या पोटात मात्र त्यातल्या थोड्या पेशी राहतात, वाढतात, कॅन्सर होतात आणि रक्तातून फुफ्फुसापर्यंत जातात. त्या पेशीही तेच हार्मोन सोडतात. म्हणून पिशवी साफ केल्यावर दर आठवड्याला रक्तातला हा आकडा बघायचा असतो, तो मोजता येणार नाही इतका खाली येईपर्यंत. उतरला तर सुटलो. थांबला किंवा चढला तर लगेच केमो. आणि यात सगळ्यात महत्त्वाचं हे की हा कॅन्सर बरा होतो. वेळेवर धरला तर जवळजवळ नेहमी बरा होतो.

वैशालीला हे नागपूरच्या दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं का? सुटीच्या कागदावर कुठेतरी लिहिलं असेल. कोणीतरी घाईत बोललंही असेल. पण तेव्हा धानाची रोवणी तोंडावर होती, आणि सासूच्या हिशेबाने पिशवी साफ झाली म्हणजे काम झालं. दर आठवड्याला हिला भंडाऱ्याला कोण नेणार? नवऱ्याने नेलं नाही, तो पुण्याला निघून गेला. माहेरी कोणी कळवलं नाही. एक बाई मरू शकते इतकी मोठी गोष्ट सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढाही कोणी काढला नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही ऐकलं नाही. या सगळ्यांवर मी एकेक करून रागावून पाहिलं. कोणावर संपत नाही.

मशीनने आकडा दिलाच नाही. इतका वर होता की त्याच्या मोजमापात बसेना. सीरम, म्हणजे ते पिवळं पाणी, पातळ करून पुन्हा लावलं, आणखी पातळ करून लावलं, तेव्हा आकडा आला. लाखाच्या वर. मी तो डॉक्टरांकडे नेला. तेवढ्यात बाहेर घडायचं ते घडलं. सासूने काउंटरवर विचारलं, 'निघालं का?' आणि अनिलने संगणकाच्या पडद्याकडे बघून सांगून टाकलं, "पॉझिटिव्ह आहे बाई. खूपच जास्त आहे."

डॉक्टर बाहेर येईपर्यंत सासू फोनवर होती. लॅबमध्ये उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पोराला सांगत होती, "पक्कं झालं. लय मोठा आकडा आहे. जुळे असतीन म्हणावं." डॉक्टरांनी तिला आत यायला सांगितलं. ती म्हणाली, "आता काय आयकाचं राह्यलं? तुमचं तुमच्यापाशी ठेवा, अना हे पोट्टीही ठेवा." आणि ती चालती झाली. डॉक्टर तिच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेले. "बाई, ही बाळाची तपासणी नाही, आजार आहे," असं ते दोनदा म्हणाले. तिने मागे वळून पाहिलं नाही. आजारी मुलीला लॅबच्या पलंगावर टाकून ती बसमध्ये बसून गावाला गेली.

अनिलला मी त्या दिवशी जे बोलले ते छापता येणार नाही. त्याचंही म्हणणं एका परीने खरं होतं, त्याने पडद्यावर होतं तेच वाचलं. पण अर्धा रिपोर्ट वाचणं म्हणजे दगड फेकणं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं.

डॉक्टरांनी शहरातल्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन केला. मी वैशालीला रिक्षाने तिथे घेऊन गेले. सोनोग्राफीत पिशवीत बाळ नव्हतं, गाठ होती. छातीच्या एक्स-रेत पांढरे गोल ठिपके. मॅडमनी कागदावर नागपूरच्या कॅन्सरतज्ज्ञ बाईंचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, आजच भरती करा. वैशालीने माझ्या मोबाइलवरून वडिलांना फोन लावला. करडीला तिचं माहेर. शामरावजी नाव त्यांचं. फोनवर ती नुसतं 'बाबा' म्हणाली. मग मीच पत्ता सांगितला.

ते मळणीवरूनच आले. मोटारसायकल उभी केली तेव्हा डोक्यावरच्या दुपट्ट्यावर, भुवयांवर, सगळीकडे धानाचा भुसा होता. दवाखान्याच्या दारात मी उभी होते. त्यांनी नमस्कार केला नाही, मुलगी कुठे आहे विचारलं नाही. त्यांच्या फोनवर विहीणबाई आधीच बोलून चुकल्या होत्या. ते माझ्या अगदी जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, खरं खरं सांगा. पोट्टं आहे का बिमारी आहे?"

"बिमारी आहे, भाऊ. मोठी आहे. कॅन्सर आहे."

त्यांनी डोळे मिटले. भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "बरं झालं."

मग त्यांना स्वतःचंच ऐकू आलं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मी काय बोललो, ताई?" आणि तिथेच पायरीवर बसून दुपट्टा तोंडात कोंबून रडले.

माझा राग तिथला आहे. शामरावजींवर नाही. पोरीवर जीव असलेला साधा माणूस. पण त्या माणसाला आपल्या लेकीच्या फुफ्फुसात कॅन्सर आहे हे ऐकून हायसं वाटावं, इतकी भीती त्याच्या पोटात कोणी घातली? आजारी मुलगी चालेल, मेलेलीही चालेल, फक्त ती 'तशी' निघायला नको. मी आयुष्यभर रिपोर्ट दिले. लोक रडले, माझ्यावर ओरडले, एकाने रिपोर्ट फाडून माझ्या अंगावर फेकला. पण 'बरं झालं' हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला.

नागपूरला केमो सुरू झाली. तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशीच शामरावजींना समजावलं. त्यांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं होतं: "मॅडम म्हणते, बाकीच्या कॅन्सरात आमाले अंदाज घ्यावा लागते, याच्यात आकडाच सांगते. आकडा उतरला का पोरगी वाचली." दर आठवड्याची तपासणी भंडाऱ्यात करून आकडा फोनवर कळवायचा असं ठरलं, म्हणजे दर वेळी नागपूरची खेप नको. तेव्हापासून बाप-लेक मोटारसायकलवरून येत. शामरावजी बाहेर उभे राहत आणि वैशाली आत येऊन हात पुढे करे. मी दोन नळ्या घेई. एक आकड्यासाठी, दुसरी साध्या रक्तपेशींसाठी, कारण पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या तर पुढची केमो थांबवावी लागते. हेही लोकांना माहीत नसतं. औषध कॅन्सरला मारतं तसं रक्तालाही मारतं, आणि ते किती मारलंय ते आधी आम्हाला दिसतं.

पहिले काही आठवडे आकडा झपझप उतरला. वैनगंगेचं पाणी उतरलं का विचारावं तसं ती दारातूनच विचारायची, "उतरला का, ताई?" मी हो म्हटलं की ती बाहेर जाऊन बापाला सांगे. ते टोपी काढून कपाळ पुसत.

मग आकडा थांबला. एका आठवड्यात होता तेवढाच राहिला. मी पुन्हा लावला, तेवढाच. पुढच्या आठवड्यात थोडा वर. वैशाली माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"औषध मले लागून नाही राह्यलं का?"

"ते नागपूरच्या मॅडम सांगतील."

"मॅडम मंग सांगतीन. आकडा तुमाले आधी दिसते. तुमी सांगा."

आमच्या कामाचा नियम आहे, आकड्याचा अर्थ आपण सांगायचा नाही. तो नियम चांगला आहे, अनिलने तो मोडला तेव्हा काय झालं ते मी पाहिलं होतं. मी तिथेच तिच्यासमोर नागपूरला फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. मॅडम तिच्याशी बराच वेळ बोलल्या. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "औषध बदलवतो म्हणे. एक्स-रेत अजून काही दिसत नाही, पण आकड्यानं आधीच सांगून देल्लं म्हणे. म्हणून बरं आहे म्हणे." बोलता बोलता तिने वेणी पुढे ओढून घेतली. "आता केस जातीन."

केस गेले. दुसरं औषध जास्त कडक होतं. तोंडात फोड, उलट्या, मध्ये एकदा पांढऱ्या पेशी इतक्या पडल्या की केमो पुढे ढकलावी लागली. आणि इकडे सासरच्या गावात काय चाललं होतं? वैशालीची मावशी त्याच गावात दिलेली, तिच्याकडून कळायचं. गावात बोलत होते की नागपूरला नेऊन पाडलं, आणि बापाने लाजेने तिचं मुंडण केलं. केमोने गेलेल्या केसांचा हा अर्थ. गावातल्या बायका, शिकलेली पोरं, सगळे तेच बोलत होते. एकालाही वाटलं नाही की जाऊन बघावं, विचारावं.

त्याच दिवसांत लॅबमध्ये वैशालीच्या नवऱ्याचा फोन आला. प्रवीण. आवाज नरम होता, शिकलेल्या माणसाचा. "मॅडम, एक विचारायचं होतं. त्या रिपोर्टवरून तारीख निघते का?"

"कशाची तारीख?"

"म्हणजे... कधीपासून आहे ते. उन्हाळ्याच्या आधीपासून का नंतर."

मी म्हटलं, "तुमची बायको केमो घेऊन राहिली आहे. तिच्या तोंडात पाणी जात नाही. तुम्ही एकदा तरी तिला फोन केला का?"

"तसं नाही मॅडम, आई म्हणते..."

"आईला म्हणावं, तारीख आहे. उन्हाळ्यातली. ज्या दिवशी तुम्ही तिला दवाखान्यातून घरी आणून टाकलं आणि पुन्हा तपासायला नेलं नाही, ती तारीख." आणि मी फोन ठेवला. डॉक्टरांनी ऐकलं होतं. पेशंटच्या नातेवाइकांशी असं बोलू नये, असं त्यांनी मला आधी अनेकदा सांगितलेलं. त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला.

नवं औषध लागू पडलं. आकडा पुन्हा उतरायला लागला, आधी सावकाश, मग भराभर. उन्हाळी धान शेतात हिरवं असताना एक दिवस मशीनने आकडा दाखवलाच नाही, मोजता येईल त्याच्या खाली आहे एवढंच दाखवलं. मी पुन्हा लावला. तेच. मी बाहेर येऊन तिला सांगितलं. ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "पुन्हा एकडाव बघा." मी म्हटलं, बघितलं. तेव्हा ती बाहेर गेली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. त्यानंतरही काही केमो झाल्या, कारण शेवटची पेशी आकड्यात दिसत नाही. एक्स-रेतले ठिपकेही पुसले गेले. मग महिन्याच्या महिन्याला तपासणी.

ती बरी झाली. डॉक्टरांचं शास्त्र खरं ठरलं, आकड्याने जे सांगितलं तेच झालं. अशा शेवटावर माणसाने खूश व्हायला हवं. मी झाले नाही, त्याचं कारण पुढे आहे. गावाला शेवटी कळलं की ते मूल नव्हतं, कॅन्सर होता. सासूलाही कळलं. मग बोलणं बदललं. 'तशी' होती म्हणणारे आता 'बिमारीवाली' म्हणायला लागले. पिशवीची बिमारी, हिला लेकरू होईल का, पुन्हा उलटेल का. नागपूरच्या मॅडमनी लिहून दिलं होतं की वर्षभर थांबून मूल होऊ शकतं. कोणाला ते वाचायचं नव्हतं. प्रवीणचं पुढे दुसरं लग्न झालं आणि स्थळ पाहताना पहिलीला कॅन्सर होता असंच सांगितलं गेलं. आकडा वर होता तेव्हा ती बदनाम, आकडा शून्यावर आला तरी ती टाकाऊ. असल्या लोकांसाठी कोणती तपासणी लावायची?

पण लग्न मोडायच्या आधी प्रवीण आणि त्याची आई एकदा लॅबमध्ये आले होते. ते सांगून थांबते.

वैशालीचा महिन्याच्या तपासणीचा दिवस होता. केस कानापर्यंत आले होते, ते तिने पिन लावून बसवले होते. ती आली तेव्हा सासू आणि प्रवीण आधीच बाकावर बसलेले. कोणीतरी दिवस सांगितला असणार. शामरावजी दारातच थांबले, त्यांच्या हातातलं बसचं तिकीट मी पाहिलं, मुठीत आवळलेलं.

प्रवीण उठून उभा राहिला. "चाल घरी," तो म्हणाला. "आमची चुकी झाली. डॉक्टरनं आमाले नीट नाही सांगतलं."

डॉक्टर आत होते. सासूच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेलेला माणूस. मी तोंड उघडणार होते, पण वैशालीने माझ्याकडे बघितलं आणि मी थांबले.

सासू मला म्हणाली, "बाई, तुमी एक कागद करून द्या. सही-शिक्क्याचा. का थे पोट नव्हतं, बिमारी होती. गावात लोकायले दाखवून देऊ. मंग हे आली तं कोणी बोट नाही दाखवणार."

"रिपोर्ट पेशंटचा आहे," मी म्हटलं. "ती सांगेल तर मिळेल."

सगळे वैशालीकडे बघायला लागले. बाकावर त्या दिवशीही दोघं-तिघं अनोळखी लोक होते. या वेळी तिने मान खाली घातली नाही. तिने मलाच विचारलं, "ताई, तुमच्या रिपोर्टात लिवलं राह्यते का, का मी खरं बोलत होती?"

"नाही," मी म्हटलं. "त्यात फक्त आकडा असतो."

"मंग?" ती सासूकडे वळली. आवाज चढला नाही. "तवा मी सांगतलं तं तुमाले पटलं नाही. आता कागद पटते. उद्या दुसरं काही झालं तं पुन्हा कागद आणू का मी? दर डाव?"

सासू म्हणाली, "अवं, तुह्याच भल्यासाठी म्हणून राह्यलो."

प्रवीण म्हणाला, "लोकायचं तोंड कसं बंद करू मंग?"

"लोकायचं मले माहीत नाही. तुमी काहून नाही मानलं?"

तो मोबाइलकडे बघायला लागला. आई त्याला कोपराने ढोसत होती, बोल म्हणून. मला वाटतं वैशालीने त्याला खरंच वेळ दिला. मग ती पडदा बाजूला करून आत आली, खुर्चीवर बसली आणि बाही वर करून हात माझ्यासमोर ठेवला.

"घ्या, ताई," ती म्हणाली. "करडीची बस निघून जाईन, बाबाची गाडी आज पंक्चर आहे."